तपकिरी, काळा, काळा, नारिंगी, तपकिरी!

सापडला! परवा रात्री पावणेबारा वाजता सापडला! घरात सगळे झोपलेले, जेवणाच्या टेबलावर वायरींचे तुकडे, कथिलाचे थेंब, राळेचा वास, आणि माझ्या चिमट्यात शेंगदाण्याएवढा एक निळा रेझिस्टर! त्याच्या अंगावर पाच पट्ट्या. तपकिरी, काळा, काळा, नारिंगी, तपकिरी. बस्स, एवढंच! चार दिवस माझ्या ॲम्प्लिफायरची उजवी बाजू मुकी करून ठेवली होती ती यानं! मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हातात चिमटा होता, आणि मग मी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग घटाघटा पाणी प्यायले आणि मग परत येऊन त्याच पाच पट्ट्या पुन्हा वाचल्या. तुम्हाला हे सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बसा! चहा नंतर. आधी हे ऐका!

पहिल्यांदाच सांगून टाकते, यातलं मला काहीही येत नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. महिन्याभरापूर्वीपर्यंत मी कधी सोल्डरिंगची कांडी हातात धरली नव्हती. बंगळूरला असणाऱ्या माझ्या भावानं वाढदिवसाला एक खोकं पाठवलं. उचलेना इतकं जड! आत तीन ट्रान्सफॉर्मर, भोकं पाडलेली पत्र्याची चेसी, तीन काचेचे व्हॉल्व्ह, छोट्या-छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रेझिस्टर आणि कंडेन्सर, आणि एक पुस्तिका. सोबत चिठ्ठी. ‘तू जुन्या गोष्टी शिकवतेस ना, मग एक जुनी गोष्ट बनव.’

आणि जुनी म्हणजे किती जुनी! 1904 मध्ये लंडनला फ्लेमिंगनं दोन भागांचा व्हॉल्व्ह केला आणि दोनच वर्षांनी, 1906 मध्ये, अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं त्यात तिसरा भाग घातला, एक जाळी! त्या जाळीत सगळी गंमत आहे हो! काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. मधोमध एक बारीक नळकांडी तापते आणि तिच्या अंगावरून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात, उकळत्या पाण्यावरून वाफ सुटावी तसे. बाहेरच्या बाजूला पत्रा, त्यावर अडीचशे व्होल्ट, तो त्यांना ओढून घेतो. आणि वाटेत ती जाळी! पाटाच्या पाण्याला दार असतं ना, तसं. दार जरासं वर-खाली करायला एका हाताचा जोर पुरतो, पण त्यामागे पाणी केवढं धावतं! फोनमधून येणारा इवलासा आवाज ते दार हलवतो आणि पलीकडे स्पीकर हलवण्याएवढी ताकद त्याच तालात वाहते! एवढंच! याहून जास्त मला माहीत नाही, पण एवढं कळलं तेव्हा मी वर्ग सुटल्यावरही फळ्यावर पाट आणि दार काढत बसले होते.

आणि नावं! व्हॉल्व्हवर ‘ईसीसी83’ आणि ‘ईएल84’ असं छापलेलं. मला वाटलं काहीतरी कारखान्याचा नंबर असेल. नाही! त्या नावात अख्खी कुंडली आहे! ‘ई’ म्हणजे आतली तार 6.3 व्होल्टांवर तापते. ‘सी’ म्हणजे तीन भागांचा व्हॉल्व्ह, आणि दोनदा ‘सी’ म्हणजे एकाच काचेत दोन! ‘एल’ म्हणजे ताकदीचा, स्पीकर हलवणारा. ‘8’ म्हणजे नऊ पायांचा. फक्त शेवटचा आकडा अनुक्रमांक! ‘ईएल84’ चार-चार असायचे व्हॉक्सच्या एसी-30 नावाच्या ॲम्प्लिफायरमध्ये, आणि बीटल्सच्या गिटारी त्यातूनच वाजायच्या. आणि तोच नऊ पायांचा व्हॉल्व्ह माझ्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याशेजारी!

जरा जवळून बघा. काचेच्या डोक्याशी आतून आरशासारखा चकचकीत डाग आहे, दिसतो? तो बेरियमचा! आत चुकून राहिलेले वायूचे कण तो धरून ठेवतो. आणि काचेला चीर जाऊन हवा आत शिरली, तर तो डाग पांढराफटक पडतो. म्हणजे व्हॉल्व्ह मेला की नाही हे मीटरशिवाय, नुसत्या डोळ्यांनी कळतं! मी रोज सकाळी तिन्ही डाग बघते. चांदीसारखे आहेत. तिन्ही!

आता रेझिस्टरकडे या. त्यांच्यावर आकडे लिहिलेले नसतात, रंगाच्या पट्ट्या असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी म्हणजे एक, आणि मग पुढे लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात. थांबा! ओळखीचं वाटलं ना? तानापिहिनिपाजा! शाळेत घोकलेलं इंद्रधनुष्य! फक्त ‘पा’ गाळायचा, पारवा! मला हे दिसलं तेव्हा मी लेकीला हाक मारून दाखवलं, कारण तिची परीक्षा चालू होती आणि तिनंही नुकतंच तानापिहिनिपाजा पाठ केलेलं. दोघींनी मिळून पाच मिनिटांत रंगांचे आकडे पाठ केले. मग आठ राखाडी आणि नऊ पांढरा.

पाच पट्ट्यांपैकी पहिल्या तीन म्हणजे आकडे, चौथी म्हणजे पुढे किती शून्यं, आणि पाचवी म्हणजे किती टक्के इकडे-तिकडे. एक टक्का असेल तर पाचवी पट्टी तपकिरी. हे लक्षात ठेवा. पाचवी तपकिरी! सगळा घोटाळा इथेच होणार आहे.

कारण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेझिस्टरचा ट्रे माझ्याच कोपराच्या धक्क्यानं खाली पडला आणि तीन पिशव्यांतले रेझिस्टर फरशीवर एकत्र झाले. सगळे निळे, सगळे एकाच आकाराचे! आणि मग मी आणि लेक जमिनीवर बसून एकेक उचलायला लागलो आणि मग पट्ट्या वाचून वेगवेगळ्या वाट्यांत टाकायला लागलो आणि मग शेवटी मोजले तर बरोब्बर! पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे एक लाख ओहमचे दोन, एकशे तीस ओहमचे दोन, शंभर ओहमचे दोन. संख्या जुळली म्हणजे झालं, असं मला वाटलं. मीटर शेजारीच पडला होता. त्याला हात लावला नाही.

जोडणीचं फार सांगत नाही, ते आठ दिवस नुसते आनंदाचे गेले. फक्त एक सांगते, व्हॉल्व्हच्या सॉकेटचे पाय खालून मोजायचे असतात, जिथे मोठी फट आहे तिथून, घड्याळाच्या काट्यासारखे. वरून बघितलं तर उलटे! मी एकदा वरून मोजलं आणि तीन डाग काढून पुन्हा द्यावे लागले. तेव्हाच मला समजायला हवं होतं, की या खोक्यात कुठून बघतोय याला फार किंमत आहे.

आणि मग तो दिवस! पहिल्यांदा वीज द्यायचा!

इथे मला तपकीर गल्लीतले काका भेटवायचेत तुम्हाला. पुण्यात बुधवार पेठेत वायरी घ्यायला गेले होते तेव्हा ओळख झाली. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले. माझ्या तोंडून ‘ईएल84’ ऐकल्याबरोबर त्यांनी मागच्या फळीवरून एक मळलेलं खोकं काढलं, आत बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेला ईएल84! आपल्याकडे बनायचे हे व्हॉल्व्ह! मला ठाऊकच नव्हतं! ते म्हणाले, “ताई, थेट प्लगात घालायचं नाही हं. आधी सिरीज बोर्ड.” आणि जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा शंभरचा बल्ब कागदात गुंडाळून दिला. एलईडी चालत नाही त्याला, तारेचाच लागतो. तो ॲम्प्लिफायरच्या वाटेत एका रांगेत जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून पेटलेलाच राहतो आणि सगळा जोर तो झेलतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटतो, कंडेन्सर भरेपर्यंत, आणि मग मंद होतो.

“आणि एक हात पाठीमागे,” ते म्हणाले. “बंद केल्यावरसुद्धा. कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट बसून राहतात. रेझिस्टरमधून उतरवायचे, मीटरवर बघायचं, मगच बोट.” हे मी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलंय, आणि तुम्हीही लिहून ठेवा. खरंच.

बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला! माझा श्वास अडकला! आणि मग तो हळूहळू, हळूहळू, देवघरातल्या समईसारखा मंद झाला! आणि व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी ठिणगीसारखं काहीतरी उगवायला लागलं आणि मग डाव्या स्पीकरमधून आवाज आला! फोनवर मी सहज लावलेलं गाणं, माझ्या हातानं डाग दिलेल्या तारांतून, डाव्या स्पीकरमधून! लेक नाचायला लागली!

आणि उजवीकडून? काही नाही.

गुणगुण नाही, खरखर नाही, काही काही नाही. स्पीकरला कान लावला तर शंखातही ऐकू येतं त्याहून कमी.

मी स्पीकर बदलून पाहिले. वायरी बदलून पाहिल्या. व्हॉल्व्ह डावीकडचा उजवीकडे लावला. मुकेपणा जागचा हलला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह चांगला आहे! हे कळल्यावरच मला केवढा आनंद झाला! काहीतरी चांगलं आहे हे सिद्ध झालं की काळजीचा मुलूख तेवढा कमी होतो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडे उत्तरपत्रिका आहे! डावी बाजू! दोन्ही बाजू सारख्याच बनवलेल्या, एक चालतेय, एक नाही, म्हणजे दोन्हीकडे मोजत जायचं आणि जिथे आकडे फुटतात तिथे थांबायचं!

चार रात्री मोजलं. पुस्तिकेत तक्ता होता, कुठल्या पायावर किती व्होल्ट हवेत त्याचा. ईएल84च्या तिसऱ्या पायावर, म्हणजे त्या तापणाऱ्या नळकांडीवर, सातच्या आसपास. डावीकडे 7.1! आणि उजवीकडे? 14.6! दुप्पट!

मी काकांना फोन केला. “काका, उजवीकडे दुप्पट आहे!”

“तिथला रेझिस्टर कितीचा?”

“एकशे तीस.”

“मग भागाकार करा की.”

व्होल्टला ओहमनं भागलं की करंट! एवढं तर मला आता येत होतं! डावीकडे 7.1 भागिले 130, म्हणजे साधारण 55 मिलिअँपिअर. अगदी पुस्तिकेतल्यासारखं. उजवीकडे 14.6 भागिले 130, म्हणजे 112! काकांनी विचारलं, “पत्र्यावर किती?” मी मोजलं, 262. म्हणाले, “आता गुणा.” गुणलं. 29 वॅटच्या वर! आणि ईएल84च्या पत्र्याची सहनशक्ती 12 वॅटची!

“मग आत पत्रा लालभडक झाला असेल,” काका म्हणाले. “बघा.”

मी दिवा मालवून अंधारात बघितलं. लाल काही नाही. आतली तार तेवढी नारिंगी. हात जवळ नेला. डाव्या व्हॉल्व्हपाशी बोट नेववत नव्हतं इतकी धग, आणि उजवा त्या मानानं कोमट!

आता तुम्हीच सांगा! गणित म्हणतंय जळायला हवं आणि व्हॉल्व्ह म्हणतोय मी निवांत आहे! दोन्ही खरं कसं असेल? मी टेबलाशी बसून दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिले. मला वाटतं माझ्या आयुष्यात एवढं चोख कोडं कधी समोर आलं नव्हतं. वर्गात मी मुलांना सांगते, दोन बखरी एकमेकींच्या विरुद्ध बोलायला लागल्या की तिसरा पुरावा शोधा. तिसरा पुरावा!

काकांनीच दाखवला. “स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना मोजा. अलीकडे किती, पलीकडे किती.” डावीकडे अलीकडे 262, पलीकडे 252. दहा व्होल्ट तांब्याच्या तारेनं वाटेत खाल्ले, कारण तिच्यातून करंट वाहतोय. आणि उजवीकडे? अलीकडे 262, पलीकडे 262! काहीच खाल्लं नाही! म्हणजे काहीच वाहत नाही! व्हॉल्व्ह खरं बोलत होता! तो कोमट होता कारण त्याच्यातून काही जातच नव्हतं!

मग गणित खोटं का? 14.6 तर मीटरनं दाखवलेले. भागाकार बरोबर. मग उरलं काय? उरला 130! तो आकडा मी मोजलेला नव्हता. तो मी वाचलेला होता!

अंगावर काटा आला हो!

बटण बंद. प्लग काढला. कंडेन्सर उतरवले, मीटरवर शून्य बघितलं. आणि मग मीटर ओहमवर लावून त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना टोचलं, आणि आकडा चढायला लागला! बारा हजार, सव्वीस हजार, एकेचाळीस हजार! लिफ्टसारखा! रेझिस्टरच्या शेजारी कंडेन्सर जोडलेला असतो, तो आधी भरतो म्हणून आकडा असा जिना चढत जातो, हे मला काकांनी दुसऱ्या दिवशी समजावलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की हा एकशे तीस नव्हे! साठ हजार, ऐंशी हजार, आणि अर्ध्या-एक मिनिटात नव्याण्णव हजारांवर जाऊन टेकला. एक लाख! एकशे तीसच्या जागी एक लाख!

म्हणून पाट बंद! एवढा मोठा अडसर घातल्यावर पाणी वाहणार कुठून!

डाग सोडवला, रेझिस्टर चिमट्यात धरला, दिव्याखाली नेला आणि वाचला. तपकिरी, नारिंगी, काळा, काळा, तपकिरी. एक, तीन, शून्य, पुढे शून्यं नाहीत, एक टक्का. एकशे तीस! पट्ट्या तर एकशे तीसच म्हणतायत! मी चक्रावून गेले. आणि मग, कसं कोण जाणे, चिमटा बोटांत फिरला आणि रेझिस्टर उलटा झाला.

तपकिरी, काळा, काळा, नारिंगी, तपकिरी.

एक, शून्य, शून्य, पुढे तीन शून्यं, एक टक्का. एक लाख!!

एकच रेझिस्टर! डावीकडून वाचला तर एक लाख आणि उजवीकडून वाचला तर एकशे तीस! दोन्ही टोकांना तपकिरी, म्हणून सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे कळतच नाही! आणि उलटं वाचल्यावर भलताच काहीतरी आकडा आला असता तर मी थांबले असते, पण आला तो नेमका एकशे तीस, नेमका त्याच किटमध्ये लागणारा दुसरा आकडा! फरशीवर बसून आम्ही दोघींनी चार रेझिस्टर दोन वाट्यांत टाकले होते, त्यातले दोन सरळ वाचले आणि दोन उलटे, म्हणून संख्याही जुळली!

म्हणजे दुसराही कुठेतरी चुकलेला असणार! धावतच बघितलं. ईसीसी83च्या पत्र्यापाशी, जिथे एक लाख हवा, तिथे एकशे तीस बसलेला! म्हणून तक्त्यात दीडशेच्या आसपास हवे असताना तिथे 243 व्होल्ट दिसत होते आणि मी ते दोन रात्री वहीत लिहून पुढे जात होते. आकडा समोर बसून सांगत होता! मला त्याची भाषा येत नव्हती, आता येते!

दोघांची अदलाबदल केली. या वेळी डाग देण्याआधी दोन्ही मीटरवर मोजले. पाच सेकंद लागतात. फक्त पाच! तिसऱ्या पायावर व्होल्ट आले 7.0, आणि उजवा स्पीकर गायला लागला! रात्री बारा वाजता, अगदी बारीक आवाजात, सगळे झोपलेले म्हणून. मी दोन्ही स्पीकरच्या मधे जमिनीवर बसले आणि गाणारीचा आवाज बरोब्बर माझ्या समोर, जिथे कोणीच नाही तिथे, उभा राहिला!

थांबा, उठू नका! संपलं नाही अजून!

सकाळी सासूबाई म्हणाल्या, “अगं, गाणं छान आहे, पण याच्या पोटात काय घुमतंय?” आणि खरंच! गाणं थांबवलं की मागे एक ‘घूं’. दोन्हीकडे. रात्रीच्या आनंदात मला ऐकूच आला नव्हता. सासूबाईंनी पेटी पुढे ओढली (त्या रोज सकाळी अर्धा तास वाजवतात) आणि भात्यावर हात ठेवून स्वर शोधायला लागल्या. पांढरी चार? नाही. पांढरी पाच! “पंचमच आहे हा. पांढरी एकचा पंचम, जरासा चढा. पण माझ्या पेटीत नाही हा, याच्याखाली अजून एक सप्तक जायला हवं.”

मी पुस्तिका आणायला पळाले! कारण त्यात लिहिलं होतं, घुमणं दोन प्रकारचं असतं. आपल्या विजेची लाट सेकंदाला 50 वेळा हेलकावते. ती सरळ करताना खालचा अर्धा भाग वर उलटवतात, म्हणून तिथून निसटलेलं घुमणं सेकंदाला 100 वेळा. आणि व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांतून आलेलं घुमणं सेकंदाला 50 वेळा. दुप्पट म्हणजे तोच स्वर, वरच्या सप्तकात! पांढरी पाच खालच्या सप्तकात साधारण 98, त्याच्या खाली 49. सासूबाईंचा ‘जरासा चढा’ म्हणजे 49 नाही, 50! आणि ‘पेटीच्या खालचा’ म्हणजे 100 नाही, 50! मीटर नाही, यंत्र नाही, नुसत्या कानांनी त्यांनी सांगितलं की दोष तापवणाऱ्या तारांत आहे! मी त्यांना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, “अगं हो, हो, भाता सुटेल!”

त्या तारा मी नीट पिळलेल्या होत्या, वातीला देतात तसा पीळ. जाणारा आणि येणारा करंट शेजारी-शेजारी असले की एकमेकांचं घुमणं ते खाऊन टाकतात. मग काय राहिलं? काका म्हणाले, “लाकडी काडीनं टोचून बघा. चालू असताना. काडीच हं, पेन नाही, पेचकस नाही. आणि दुसरा हात कुठे?” पाठीमागे, काका, पाठीमागे!

आईस्क्रीमची काडी. एकेका डागाला हळूच टेकवायची आणि कान स्पीकरकडे. इथे काही नाही. इथे काही नाही. इथेही नाही. आणि मग एका डागाला काडी लागली आणि ‘घूं’ गायब! काडी काढली, ‘घूं’ परत! लावली, गायब! मी सात-आठ वेळा केलं ते, कारण नसताना, नुसतं त्या आनंदासाठी! दिसायला तो डाग ठीक होता, पण भिंगातून पाहिलं तर कथील तारेवर गोळा होऊन बसलेलं, भिनलेलंच नव्हतं. दव पानावर बसतं तसं. ड्राय सोल्डर म्हणतात याला. चांगला डाग चपटा, ओला, चकचकीत दिसतो आणि तारेच्या अंगावर चढलेला असतो. बंद केलं, उतरवलं, पुन्हा तापवला, राळेचा धूर निघाला, कथील सर्रकन पसरलं. चालू केलं. शांत! सासूबाईंनी पेटीवर पांढरी पाच धरली आणि मान हलवली. गेला.

मग त्यांनी गीतरामायण लावायला सांगितलं. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ते वर्षभर, आठवड्याला एक गाणं, असं लागायचं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या आणि वाड्यात एकच रेडिओ होता. “सुरू केला की लगेच वाजायचा नाही,” त्या म्हणाल्या. “आधी मागच्या जाळीतून उजेड दिसायचा. तो दिसला की आम्ही चूप बसायचो.” आणि मग त्यांनी खुर्ची ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला वळवून घेतली, जिथून व्हॉल्व्ह दिसतात, आणि पूर्ण गाणं तिकडे बघत ऐकलं.

आणि तो खराब डाग कुठल्या रेझिस्टरचा होता माहितेय? शंभर ओहमचा! वाचा त्याच्या पट्ट्या! तपकिरी, काळा, काळा, काळा, तपकिरी. आता उलट वाचा. तपकिरी, काळा, काळा, काळा, तपकिरी! कसाही धरा, शंभरच! लेक ओरडली, “आई, हा तर रामाला भाला मारा!”

झालं! तेव्हापासून ती वही घेऊन बसलीय. दोन्हीकडून सारखे वाचता येणारे रेझिस्टर शोधतेय. काल रात्री जेवता-जेवता उठली आणि आतून हाक आली, “आई! तपकिरी, लाल, काळा, लाल, तपकिरी!” एक, दोन, शून्य, पुढे दोन शून्यं. बारा हजार! उलटं वाचलं तरी बारा हजार! मग तपकिरी, तपकिरी, काळा, तपकिरी, तपकिरी, अकराशे! मग एक लाख तीस हजार! शनिवारी आम्ही तिघी तपकीर गल्लीत जाणार आहोत, काकांच्या फळीवरच्या बरण्या उपसायला. सासूबाईंना तो भारत इलेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्ह बघायचाय. तुम्हीही या! भिंग आणा, आणि मीटर असेल तर मीटर!